सुऱ्यांवर तपकिरी ठिपके, चमच्यांवर पांढरे डाग: स्टेनलेस स्टील खरंच गंजतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १८/१० असा शिक्का असलेला चमचे, काटे आणि सुऱ्यांचा नवा संच घेतला. काही महिन्यांतच सुऱ्यांच्या पात्यांवर तपकिरी ठिपके उठले, चमच्यांवर पांढुरके डाग पडले आणि दोन-तीन काट्यांवर निळसर-जांभळी छटा आली. तारेच्या घासणीनं घासल्यावर डाग थोडे गेले, पण ओरखडे उठले आणि आठवड्याभरात ठिपके आधीपेक्षा वाढले. माल खोटा आहे, की धुण्यात काही चुकतंय? आणि आता हे स्वच्छ कसं करायचं?

यात तीन वेगळे डाग एकत्र आलेत आणि तिघांची कारणंही वेगळी आहेत. एकाच उपायानं तिन्ही घालवायला गेलात तर एखादा जाईल आणि दुसरा वाढेल, जे घासणीमुळे झालंच आहे. पांढुरके डाग आणि निळसर छटा हे स्टीलच्या वर बसलेले थर आहेत, त्याखाली स्टील शाबूत आहे. खरी काळजी सुऱ्यांवरच्या ठिपक्यांची. पुढचं बरंचसं तुमचं पाणी किती क्षारयुक्त आहे आणि तुम्ही हातानं धुता की डिशवॉशरमध्ये, यावर अवलंबून आहे. म्हणून दोन्ही शक्यता धरून लिहितो.

आधी हा धातू वागतो कसा ते पाहू, म्हणजे पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर आपोआप धरतो. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणून दिसत नाही. ओरखडा पडला तरी स्वच्छ, कोरड्या हवेत तो पुन्हा भरून येतो. स्टेनलेस स्टीलचं सगळं संरक्षण या एवढ्याशा थरात आहे. खरकटं वाळून चिकटलं, किंवा दोन चमचे एकमेकांत बसून मध्ये पाणी अडकलं, की त्या जागी ऑक्सिजन पोचत नाही आणि थर दुबळा होतो.

त्यातून मीठ असेल तर प्रकरण वाढतं. मिठातलं क्लोराइड त्या थराला एखाद्या बिंदूवर छेद देतं. तिथे बारीकसा खड्डा पडतो, खड्ड्याच्या आत ऑक्सिजन संपतो, आतलं पाणी आम्लधर्मी होतं आणि आणखी क्लोराइड ओढून घेतं. एकदा सुरू झालेला खड्डा म्हणूनच आतल्या आत वाढत राहतो, वरून मात्र टाचणीच्या टोकाएवढाच दिसतो. पाणी गरम असेल तर हे सगळं आणखी वेगानं होतं. मीठ, टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांचा अंश असलेली सुरी रात्रभर सिंकमध्ये पाण्यात पडून राहणं ही सुरीसाठी सगळ्यात वाईट रात्र असते.

आता शिक्क्याबद्दल. १८/१० मधला पहिला आकडा क्रोमियमचा टक्का, दुसरा निकेलचा. १८/८ आणि १८/१० रोजच्या वापरात गंजाच्या बाबतीत जवळजवळ सारखेच. १८/० मध्ये निकेल जवळपास नसतं. तो वापरायला चालतो, पण मीठ आणि आम्लापुढे थोडा कमी टिकतो आणि त्याची चमक जरा करडी असते. सुरीच्या पात्याचं गणितच वेगळं आहे. १८/८ किंवा १८/१० स्टील तापवून आणि थंड करून कडक करता येत नाही, त्यामुळे त्याला धार धरत नाही. म्हणून पातं बहुतेक वेळा साधारण १३ टक्के क्रोमियम आणि जास्त कार्बन असलेल्या, कडक होणाऱ्या स्टीलचं करतात. त्यातलं काही क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि संरक्षक थरासाठी कमी उरतं. संचाच्या खोक्यावर १८/१० लिहिलेलं असलं तरी ते चमचे-काट्यांबद्दल असतं. एकाच संचातल्या सुऱ्या आधी ठिपकतात यात फसवणूक नाही. ज्या गुणामुळे सुरी कापते, त्याचीच ती किंमत आहे.

घरी लोहचुंबक असेल तर लावून बघा. पात्याला तो चिकटायलाच हवा. १८/१० च्या चमच्याला चिकटू नये, पण मानेच्या वळणावर किंवा काट्याच्या दातांपाशी किंचित ओढ जाणवली तर घाबरू नका. तिथे धातू थंड अवस्थेत दाबून वाकवलेला असतो आणि त्यामुळे त्यात थोडं चुंबकत्व येतं. सगळा चमचा घट्ट चिकटला तर तो १८/० वर्गातला आहे, शिक्का काहीही असो. उलट मात्र खरं नाही. चुंबक चिकटला नाही म्हणून निकेल भरपूर आहे असं होत नाही, कारण निकेलच्या जागी बरंचसं मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चुंबकाला दाद देत नाही, आणि ते गंजाला १८/८ पेक्षा लवकर बळी पडतं. तेव्हा चुंबक एक लबाडी उघडी पाडतो, दुसरी नाही.

आता डाग ओळखायचे. वाटीत थोडं साधं पांढरं व्हिनेगर घ्या, कापसाचा बोळा बुडवून डागावर ठेवा आणि दोन मिनिटांनी पुसा. डाग विरला तर तो पाण्यातल्या क्षारांचा थर होता. विरला नाही, पण खाण्याच्या सोड्याच्या लगद्यानं चोळल्यावर निघाला, तर चहा-कॉफीचा किंवा अन्नाचा थर होता. तपकिरी ठिपका पुसला गेला आणि खालची जागा नखाला गुळगुळीत लागली, तर गंज बाहेरून येऊन बसलेला होता. नख अडकलं किंवा ठिपक्याच्या जागी काळा बिंदू उरला, तर स्टीलला खड्डा पडला आहे. ही शेवटची पायरी चांगल्या उजेडात, शक्य तर भिंग घेऊन करा. सुरीचं पुढे काय करायचं ते तिथेच ठरतं.

पांढुरके डाग सगळ्यात सोपे. एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड विरघळवा, किंवा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. चमचे-काटे १० ते १५ मिनिटं बुडवा, मऊ स्पंजनं पुसा, भरपूर पाण्यानं विसळा आणि लगेच सुती कापडानं कोरडे करा. कोरडं करणं राहिलं तर त्याच पाण्याचे नवे डाग त्याच दिवशी परत पडतील. मग डाग न गेल्याचा दोष उगाच उपायाला दिला जातो. सुऱ्या या पाण्यात बुडवून ठेवू नका, ओल्या कापडानं पुसून घ्या.

निळसर-जांभळी छटाही बहुतेक वेळा याच पाण्यानं जाते. पातळ पारदर्शक थरातून प्रकाश परावर्तित होताना रंग दिसतात, तो थर क्षारांचा असो की डिशवॉशरच्या पावडरीतल्या सिलिकेटचा. पावडर गरजेपेक्षा जास्त पडत असेल तर दुसरा प्रकार होतो, आणि तो थर आम्लानं निघत नाही, धातूच्या पॉलिशनंच निघतो. चमचा आचेवरच्या तव्याच्या कडेला राहून तापला असेल तर ऑक्साइडचाच थर जाड होऊन हे रंग येतात. पॉलिशनं तेही जातात, राहिले तरी खाण्याला त्यापासून धोका नाही.

चहा-कॉफीचा तपकिरी थर व्हिनेगरला दाद देत नाही. त्यासाठी सोडा. तीन भाग खाण्याचा सोडा आणि एक भाग पाणी असा लगदा करून बोटानं किंवा मऊ कापडानं चोळा. खूप जुना थर असेल तर लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, घालून चमचे अर्धा तास ठेवा. यात क्लोरीन नसतं, त्यामुळे स्टीलला त्रास होत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नका. फेस बघायला छान दिसतो, पण दोघं एकमेकांना निकामी करतात आणि हाती जवळजवळ खारट पाणी उरतं.

आता तपकिरी ठिपके. वरवरचा गंज असेल तर सोड्याचा लगदा पात्याच्या लांबीच्या दिशेनं, पाठीकडून धारेकडे बोट न नेता, चोळा. तेवढ्यानं भागलं नाही तर ऑक्झॅलिक ॲसिड असलेली भांडी घासायची पावडर घ्या. ओल्या कापडावर चिमूटभर, अर्धा ते एक मिनिट चोळायचं, लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. हातमोजे घाला, कारण हे आम्ल पोटात गेलं तर विषारी आहे आणि त्वचेलाही चांगलं नाही. पावडर पात्यावर वाळू देऊ नका, चमक मंद पडते. खड्डा पडलेला असेल तर आतला गंज निघेल पण खड्डा राहील. तो घालवायला आजूबाजूचा धातू खरवडावा लागतो आणि टेबलावरच्या सुरीसाठी ते सहसा परवडत नाही. अशी सुरी धुतल्या धुतल्या पुसत राहिलात तर ती पुढेही चालते.

तारेच्या घासणीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तुमच्या तक्रारीतला "पूर्वीपेक्षा जास्त ठिपके" हा भाग मुख्यतः तिथून आला असणार. या घासणीच्या बऱ्याच तारा साध्या पोलादाच्या असतात. घासताना त्यांचे सूक्ष्म कण मऊ स्टीलमध्ये रुततात आणि पाणी लागलं की तेच गंजतात. दिसायला चमचा गंजलाय असं वाटतं, प्रत्यक्षात त्याच्यात अडकलेली घासणी गंजत असते. हिरव्या खरखरीत घासणीत लोखंड नसतं, पण तिच्यातले घर्षणाचे कण ओरखडे पाडतात आणि ओरखड्यांत मीठ-पाणी अडकून राहतं. रुतलेले कण काढायला चमचे-काट्यांसाठी थोडं तीव्र द्रावण करा: एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, पाणी हाताला सोसेल इतकं गरम, वेळ २० मिनिटं. सायट्रिक ॲसिड मोकळं लोखंड विरघळवतं आणि चांगल्या प्रतीच्या स्टीलला धक्का लावत नाही. नंतर चांगलं विसळा, पुसा आणि एक दिवस मोकळ्या हवेत कोरडे ठेवा, म्हणजे ऑक्साइडचा थर नीट धरेल. सुऱ्यांची पाती या द्रावणात ठेवू नका, त्यांच्यातलं क्रोमियम कमी असल्यानं ती काळवंडू शकतात.

ओरखडे पूर्ण घालवणं घरी अवघड आहे. आरशासारख्या चकाकीच्या चमच्यावर स्टीलची पॉलिश पेस्ट मऊ कापडानं लावून खूप वेळ चोळली तर ते पुष्कळ मंदावतात. मॅट किंवा रेघांच्या फिनिशवर पॉलिश लावूच नका, मध्येच चकचकीत चट्टा उमटतो आणि तो डागापेक्षा वाईट दिसतो. तिथे नेहमी मूळ रेघांच्या दिशेनंच पुसायचं. वापरानं येणारे बारीक, सगळीकडे सारखे पसरलेले चरे हा दोष समजू नका. काही वर्षांत त्यांची एक एकसारखी मऊ झाक तयार होते.

रोजच्या धुण्यात फार काही करायचं नसतं. खाऊन झालं की तासाभरात निदान पाण्यानं खळखळून घ्या, मग साबण केव्हाही लावा. साधं द्रव साबण, कोमट पाणी, मऊ स्पंज. काट्याच्या दातांमधून स्पंजची कड फिरवा, तिथलं खरकटं हमखास राहतं. सुऱ्या आधी धुऊन पुसून बाजूला ठेवा. ओले चमचे एकावर एक रचून सुकवू नका, एकाच्या पोटात दुसरा बसला की मध्ये पाण्याची चकती उरते आणि सकाळी तिथे गोल डाग असतो. निथळायला ठेवायचं भांडं खाली भोकं असलेलं घ्या, नाहीतर टोकं साचलेल्या पाण्यात उभी राहतात. नव्या संचाला पुसताना फडक्यावर काळपट रंग येतो, तो कारखान्यातल्या पॉलिशचा अवशेष असतो. पहिल्या वापराआधी गरम साबणाच्या पाण्यात एक-दोनदा धुतलं की जातो. चिनी मातीच्या ताटल्यांवर करड्या रेघा उठत असतील तर तिथे ताटलीचं कठीण लुकण चमच्याचा धातू खरवडून घेत असतं. त्या रेघा ऑक्झॅलिक पावडरीनं ताटलीवरून निघतात, चमच्याला काही करावं लागत नाही.

डिशवॉशर वापरत असाल तर ठिपक्यांचं कारण तिथे असण्याची शक्यता बरीच आहे. पाण्यातले क्षार कमी करण्यासाठी यंत्रात जे मीठ घालतात, ते भरताना थोडं बाहेर सांडतं, आणि झाकण नीट बसलं नसेल तर खारं पाणी सगळ्या भांड्यांवर फिरतं. मीठ भरल्यावर लगेच रिकामं यंत्र एकदा विसळून चालवा आणि झाकणाची रबरी कडी तपासा. साध्या लोखंडाची किंवा गंजू लागलेली वस्तू, मग ती किसणी असो की पत्र्याचं झाकण, त्याच फेरीत असेल तर तिचा गंज पाण्याबरोबर चमच्यांवर जाऊन बसतो. तुमच्या टोपलीत असं काही आहे का ते आधी बघा, आणि यंत्राच्या रॅकचं प्लास्टिकचं वेष्टण कुठे सुटून तार उघडी पडली आहे का तेही. पावडर थेट ओल्या चमच्यांवर सांडू देऊ नका, तिथे काळपट बिंदू पडतात. चांदीचे चमचे आणि स्टीलचे चमचे एकमेकांना टेकतील असे ठेवू नका. चमचे आणि काटे एका कप्प्यात मिसळून ठेवा, म्हणजे ते एकमेकांत बसत नाहीत.

अर्धं भरलेलं यंत्र "विसळून थांबव" या कार्यक्रमावर सोडून देण्याची सवय असेल तर ती मोडा. त्यात सुऱ्या दमट, खारट वाफेत तासन् तास राहतात. फेरी संपताच दार उघडा, वाफ जाऊ द्या आणि सुऱ्या बाहेर काढून पुसा. ५० ते ५५ अंशांचा कार्यक्रम रोजच्या खरकट्याला पुरतो. पाणी क्षारयुक्त असेल तर रिन्स एड, म्हणजे शेवटच्या विसळणीच्या पाण्यात पडणारं द्रव, भरलेलं ठेवा, त्यानं थेंब न राहता पाणी पसरून ओघळतं. चांगल्या सुऱ्या मात्र हातानंच धुवा, यावर माझं मत ठाम आहे. काम दोन मिनिटांचं आहे.

काही गोष्टी स्टीलपासून लांबच ठेवायच्या. क्लोरीनचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, निर्जंतुक करण्यासाठीसुद्धा नको. पातळ केलेलं असलं तरी त्यात चमचे विसरले तर खड्डे पडतात. आणि ब्लीच कोणत्याही आम्लाबरोबर, व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड धरून, कधीही एकत्र करू नका: त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जीवघेणा ठरू शकतो. चांदी उजळवायचं बुडवण्याचं द्रावण आम्लधर्मी असतं, त्याचे थेंबही सुरीच्या पात्यावर डाग पाडतात. ॲल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाणी हा उपाय चांदीचा काळेपणा घालवण्यासाठी आहे. स्टीलवर त्या प्रकारचा काळेपणा येतच नाही, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही.

मुठींचंही पाहा. जाड, पण वजनाला हलकी वाटणारी मूठ आतून पोकळ असते: दोन अर्धे भाग जोडून पातं आत भरावानं बसवलेलं. ती वारंवार खूप गरम पाण्यात राहिली तर सांध्यातून पाणी शिरतं, भराव सुटतो आणि मूठ खुळखुळू लागते. लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठी भिजत ठेवूच नयेत. पातं आणि मूठ मिळतात त्या फटीजवळ सगळ्यात आधी तपकिरी रेघ दिसत असेल, तर तिथे पाणी मुरतंय असं समजा आणि पुसताना कापडाची कड त्या फटीत फिरवा.

ठेवायच्या जागेबद्दल एकच गोष्ट महत्त्वाची, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फरशी किंवा संडास साफ करायच्या आम्लाची बाटली त्याच कपाटात असेल तर तिच्या झाकणातून निसटणारी हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ न वापरलेल्या स्टीललाही गंजवते. डाग धुण्याचा काही संबंध नसताना येत असतील तर आधी कपाटात ही बाटली शोधा.

उरला विक्रेत्याचा प्रश्न. वरचे उपाय करून घ्या आणि महिनाभर सुऱ्या फक्त हातानं धुऊन, लगेच पुसून वापरा. ठिपके आले नाहीत तर माल ठीक आहे. तरीही चमचे-काट्यांवर त्याच जागी पुन्हा गंज उठत असेल, विशेषतः काट्याच्या दातांमध्ये किंवा चमच्याच्या कडेला, तर पॉलिश अपुरं झालेलं असतं किंवा स्टील शिक्क्यात लिहिलंय तसं नसतं, आणि बदलून मागायला तुमचा हक्क आहे. मागताना तारेची घासणी न लागलेला नग दाखवा. ओरखडे असलेल्या नगावर विक्रेता घासणीकडे बोट दाखवेल, आणि त्या नगापुरतं त्याचं म्हणणं खोडता येणार नाही.